चावी कोणाच्या हातात?

माझी खाला मिरजेला असते. ईदला तिच्याकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाला, पोरांना ईदी वाटून झाली आणि खालाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बेटा, जरा देख रे. वो चावी का निशान आया तो सिरियल लगता, नै तो नै लगता."

चावीचं निशाण म्हणजे व्हीपीएन. फोनवर व्हीपीएन सुरू असला की अँड्रॉइड वरच्या पट्टीत छोटी चावी दाखवतं. खालाला व्हीपीएन हा शब्द माहीत नाही, चावी माहीत आहे. तिच्या नातवाने, म्हणजे माझ्या भाच्याने, एक फुकटचं ॲप टाकून दिलं होतं. ते उघडलं की आधी दोन जाहिराती, मग एक मोठं गोल बटण, मग चावी. कित्येक महिने ती चावी दिवसरात्र चालू होती. सिरियल बघताना चालू, गॅसचं बिल भरताना चालू, बँकेचं ॲप उघडताना चालू, डॉक्टरांना रिपोर्ट पाठवतानाही चालू.

मी भाच्याला विचारलं, "हे ॲप कोणाचं आहे?"

तो म्हणाला, "कोणाचं म्हणजे? प्ले स्टोअरवर आहे ना मामू. रेटिंग चांगलं आहे. फुकट आहे."

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हुशार पोरगा आहे तो. पण कंपनी कोणाची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. हा लेख त्या न आलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी खालाला चावी का लागली ते सांगतो. २०१४ मध्ये झी समूहाने 'झिंदगी' वाहिनी सुरू केली आणि पाकिस्तानी मालिका आपल्या घरात आल्या. खाला बघायची, आणि तिच्या शेजारच्या काकूही बघायच्या. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या वाहिनीवरून या मालिका गेल्या. मग यूट्यूब होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि पाकिस्तानी वाहिन्यांचे यूट्यूब चॅनल भारतात दिसेनासे झाले. ८ मे २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी कंपन्यांनाही पाकिस्तानी मालिका, चित्रपट, गाणी काढून टाकायला सांगितलं. सासू-सुनेची गोष्ट बंद केल्याने दहशतवादाला नेमका कसा आळा बसतो, हे मला कळलेलं नाही. पण आजचा वाद तो नाही.

या विषयावर आपल्या मोहल्ल्यात दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, हे बघणं जायज आहे का? दुसरा, पोलीस पकडतील का? पहिल्यासाठी मौलानांना विचारतात, दुसऱ्यासाठी ओळखीच्या वकिलाला. तिसरा प्रश्न कोणी कोणालाच विचारत नाही. ज्या कंपनीच्या हातात आपण घरच्या इंटरनेटची चावी दिली, ती कोण आहे?

व्हीपीएन काय करतो ते साध्या शब्दांत सांगतो. तुम्ही मोबाईलवर एखादी साइट उघडता तेव्हा तुमच्या इंटरनेट कंपनीला आतला मजकूर सहसा दिसत नाही, कारण आज बहुतेक साइट एन्क्रिप्ट केलेल्या असतात. पण कोणत्या साइटवर, किती वाजता, किती वेळ होता, हे तिला कळतं. व्हीपीएन लावला की हे कळणं तिच्याकडून निघून व्हीपीएन कंपनीकडे जातं. आणि समोरच्या साइटला तुमच्या पत्त्याऐवजी त्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर तुम्ही सिंगापूरचे. म्हणून मालिका लागते.

म्हणजे तुम्ही लपत नाही, तुमच्यावर नजर ठेवू शकणारा माणूस बदलतो. आधी ज्याच्यावर विश्वास होता तो गेला, दुसऱ्यावर ठेवला. यासाठी आपल्याकडे शब्द आहे: अमानत. दर मिलादला आपण ऐकतो, की नबुवतीच्या आधीपासून मक्केचे लोक पैगंबरांना (स.) अल-अमीन म्हणत आणि विरोधकसुद्धा आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. तकरीर ऐकून आपण सुभानअल्लाह म्हणतो आणि घरी येऊन सगळ्या घराची अमानत अशा माणसाच्या हातात देतो, ज्याचं नाव-गाव माहीत नाही. फक्त रेटिंग माहीत आहे.

सर्व्हर, बँडविड्थ, कामगार, सगळ्याला पैसे लागतात. व्हिडिओ तर सर्वात जास्त डेटा खातो. मग लाखो लोकांना फुकट व्हिडिओ दाखवणारी कंपनी पैसे आणते कुठून? अंदाज बांधायची गरज नाही, घडलेल्या गोष्टी आहेत.

ओनावो ही इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. तिचं ओनावो प्रोटेक्ट हे फुकट व्हीपीएन ॲप 'तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो' म्हणायचं. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात, हे त्यातून फेसबुकला कळत होतं. २०१८ मध्ये ॲपलच्या आक्षेपानंतर ते ॲप स्टोअरवरून काढावं लागलं. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणात मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. नावातच प्रोटेक्ट होतं, हे लक्षात ठेवा.

होला या दुसऱ्या फुकट व्हीपीएनबद्दल २०१५ मध्ये उघड झालं, की ते आपल्या वापरकर्त्यांचंच इंटरनेट दुसऱ्या नावाने विकत होतं. म्हणजे तुम्ही झोपलात आणि कोणी अनोळखी माणूस तुमच्या पत्त्यावरून इंटरनेट वापरतो आहे. त्याने काही गैर केलं तर पत्ता तुमचा. हे वाक्य नाव इम्रान असलेल्या वाचकाने दोनदा वाचावं.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप तपासली. ३८ टक्के ॲपमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या. ७५ टक्क्यांमध्ये पाळत ठेवणारे बाहेरचे ट्रॅकर होते. १८ टक्के ॲप काही एन्क्रिप्टच करत नव्हती. जे काम करायला ठेवलं, तेच नाही! आणि २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएनचा डेटा उघड्यावर सापडला. या सातही कंपन्या 'आम्ही काहीही नोंद ठेवत नाही' असं सांगत होत्या. नोंदी ठेवत नव्हत्या, तर सापडलं काय?

कोणी म्हणेल, घेऊ दे माहिती, आमच्यासारख्यांच्या माहितीत कोणाला काय रस? त्याला मुस्लिम प्रोची गोष्ट सांगा. नमाजच्या वेळा आणि किबल्याची दिशा दाखवणारं हे ॲप जगभरात नऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्डच्या पत्रकारांनी उघड केलं, की या ॲपमधून वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडला. किबला शोधणाऱ्या माणसाची माहिती विकत घेणारे असतात. फुकटच्या ॲपमागचा धंदा हाच: ॲप कशाचंही असो, माल तुम्ही.

मग पैसे देऊन घेतलं की प्रश्न मिटला? नाही. 'सर्वोत्तम दहा व्हीपीएन' असं शोधलं की ज्या याद्या समोर येतात, त्यांतल्या बहुतेक दर विक्रीमागे कमिशन घेतात. त्याहून पुढची गोष्ट ऐका. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीचं जुनं नाव क्रॉसरायडर. तिचं सॉफ्टवेअर लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणाऱ्यांनी वापरलं होतं. याच केपने सायबरघोस्ट घेतलं, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस घेतलं आणि २०२१ मध्ये सुमारे ९३ कोटी ६० लाख डॉलरना एक्स्प्रेसव्हीपीएन घेतलं. त्याच वर्षी तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या मोठ्या साइटची मालक कंपनीही विकत घेतली. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातला झाला. याचा अर्थ त्यांचे व्हीपीएन वाईटच असा नाही. पण त्या परीक्षणाला पुरावा म्हणू नका.

यूट्यूबवरचे आपले लाडके चॅनलवाले 'मिलिटरी ग्रेड' सुरक्षा म्हणून जे विकतात, त्या एन्क्रिप्शनसारखंच एन्क्रिप्शन तुमच्या बँकेच्या साइटवर आधीपासून आहे. त्यात लष्करी असं काही नाही. आवाज भारदस्त आहे, एवढंच.

आता सरकारकडे वळतो. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने आदेश काढला. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेले आयपी पत्ते आणि व्हीपीएन कशासाठी घेतला ते कारण, हे सगळं नोंदवायचं आणि ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं जपायचं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. यातली गंमत बघा. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना हा नियम लागू नाही. मी रोज सकाळी ऑफिसचं काम व्हीपीएनवरूनच सुरू करतो. माझा व्हीपीएन प्रतिष्ठित, आणि खालाचा व्हीपीएन संशयास्पद. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा तो फक्त पगारदारांना आहे असं म्हटलं नव्हतं.

भारतात व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. ब्लॉक करण्याबाबतच्या कलम ६९-अ मधली शिक्षा आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीला आहे, बघणाऱ्याला नाही. पण देश सगळीकडे सारखा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनवरून समाजमाध्यमं वापरणाऱ्यांविरुद्ध यूएपीएखाली गुन्हा नोंदवला होता. त्यानंतरही जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत व्हीपीएनबंदीचे आदेश निघाले. तिकडे फिरायला किंवा कामाला जाणाऱ्याने आधी स्थानिक आदेश बघावा.

आणि आपले कोकणातले भाऊ. खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस आखातात आहे. तिथे तो मराठी सिनेमा बघायला भारतातला आयपी शोधतो आणि घरी व्हिडिओ कॉल करायला आखाताबाहेरचा कुठलाही. संयुक्त अरब अमिरातीच्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही आहेत. तिथे व्हीपीएन सरसकट बेकायदा नाही, पण बंद केलेली कॉलिंग सेवा त्यातून वापरणं धोक्याचं आहे. तिथल्या भावाला भारतातला आयपी हवाच असेल, तर त्याने एक विचारावं: सर्व्हर खरोखर भारतात आहे का? असेल तर पाच वर्षांचा नियम त्याला लागू. सर्व्हर सिंगापूरला आणि पत्ता फक्त भारताचा, अशी सोय वर सांगितलेल्या कंपन्यांपैकी काहींनी केलेली आहे.

व्हीपीएन काय करत नाही, हेही आपल्या पोरांना स्पष्ट सांगायला हवं. स्वतःच्या नंबरवरून स्टेटस ठेवलं तर व्हीपीएन वाचवत नाही. स्टेटसवर नाव तुमचं, फोटो तुमचा. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरूनच हिंसा झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. इंटरनेटच बंद असेल तर व्हीपीएनही चालत नाही. 'चावी आहे, आपल्याला कोण ओळखतंय' या भ्रमात लिहिणारे पोरगे मी पाहिले आहेत. चावीने मालिका उघडते, गुन्हा दाखल व्हायचा थांबत नाही. आणि नेटफ्लिक्सला तुम्ही कोण ते कळतंच. लॉगिन तुमचं, कार्ड तुमचं.

तर मग निवडायचं कसं? मी पाच प्रश्न विचारतो.

पहिला, मालक कोण? कंपनीचं खरं नाव, देश आणि माणसं साइटवर उघड लिहिलेली नसतील तर तिथेच थांबा.

दुसरा, पैसे कुठून येतात? ग्राहकांच्या वर्गणीतून येत असतील तर ठीक. फुकटच हवं असेल, तर ज्याचा फुकट भाग पैसे देणाऱ्यांच्या जिवावर चालतो असं घ्या. प्रोटॉनचा फुकट व्हीपीएन तसा आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि डेटाची मर्यादाही नाही. पण व्हिडिओसाठी त्यावर विसंबू नका, ती सोय पैसे देणाऱ्यांना आहे.

तिसरा, 'नोंदी ठेवत नाही' हे कधी कसोटीला लागलं आहे का? २०१७ मध्ये तुर्कस्तानात तपास यंत्रणेने एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर ताब्यात घेतला, उपयोगाचं काही सापडलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलवाडच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण देण्यासारखं काही नव्हतंच. मुलवाड खातं उघडताना ईमेलही मागत नाही. पण ती कंपनी परदेशी मालिका दाखवण्याची हमीही देत नाही. गुप्तता आणि मनोरंजन यांत निवड करावी लागते ती अशी.

चौथा, चूक झाली तेव्हा काय केलं? नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधल्या एका सर्व्हरमध्ये २०१८ मध्ये घुसखोरी झाली. लोकांना ते ऑक्टोबर २०१९ मध्ये कळलं. त्यानंतर कंपनीने बाहेरच्या तपासण्या वाढवल्या. चूक कोणाचीही होते, पण सांगायला लागलेला वेळही मोजा.

पाचवा, ॲपमध्ये किल स्विच आहे का? म्हणजे व्हीपीएन मध्येच तुटला तर इंटरनेटही थांबतं का? आणि ठरावीक ॲपपुरताच व्हीपीएन लावता येतो का?

व्हिडिओसाठी एक गोष्ट वेगळी. कोणतीही कंपनी 'सगळं दिसेल' म्हणाली तर ते खोटं समजा. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ पासून व्हीपीएन अडवायला सुरुवात केली. डेटा सेंटरचे आयपी ओळखू येतात, त्यांच्या याद्या असतात, आणि आज चाललेला सर्व्हर उद्या बंद पडतो. व्हीपीएन ओळखला की नेटफ्लिक्स फक्त जगभराचे हक्क असलेले कार्यक्रम दाखवतं, आणि जाहिरातींच्या स्वस्त प्लॅनवर तर व्हीपीएन चालतच नाही. म्हणून तीन वर्षांच्या स्वस्त ऑफरला भुलू नका. एक महिन्याचं घ्या, आपल्या मालिकेवर, आपल्या वायफायवर चालवून बघा, नाही जमलं तर मुदतीत पैसे परत मागा. फोनवर एचडी चित्राला पाच एमबीपीएस पुरतात, वेगाच्या जाहिराती वाचत बसू नका. महिन्याला जे पैसे जातात, ते जड असतील तर भावंडांत वाटा. एका खात्यावर सहसा पाच किंवा जास्त फोन चालतात.

यात कंपनीच्या अटी मोडतात, हेही लपवत नाही. दुसऱ्या देशाचं दालन उघडणं हा नेटफ्लिक्सशी केलेल्या कराराचा भंग आहे आणि तो करणाऱ्याने जाणून करावा. पैसे देऊन बघणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. टेलिग्रामवरून चोरीची फाइल उतरवणाऱ्याला मात्र व्हीपीएनने नैतिक कवच मिळत नाही.

माझा सगळ्यात मोठा राग माझ्याच जातकुळीवर आहे. आपल्या समाजातून आता इंजिनिअर निघतात. हिंजवडीत, खराडीत, बंगळुरूत बसून आम्ही बँकांची आणि परदेशी ग्राहकांची माहिती सांभाळतो. आणि आमच्या अम्मीच्या फोनवर कोणाचं ॲप आहे, हे आम्हाला ठाऊक नसतं. हमीद दलवाई मिरजोळीतून निघाले आणि आयुष्यभर सांगत राहिले की काहीही तपासल्याशिवाय मानू नका. आम्ही ती चिकित्सा धर्माच्या आणि राजकारणाच्या वादांपुरती ठेवली आणि रोज हातात असणाऱ्या वस्तूला श्रद्धेने 'अलाऊ' म्हणत गेलो.

खालाच्या फोनवरचं ते ॲप मी काढलं. पैसे देऊन एक महिन्याचा व्हीपीएन घेतला आणि तो फक्त यूट्यूबपुरता लावून दिला. बँकेचं ॲप आता त्यातून जात नाही. भाच्याला शेजारी बसवून हे सगळं त्याच्याकडूनच करून घेतलं. नवं ॲप निवडताना त्याने तीन कंपन्यांची माहिती वाचली आणि एक स्वतःहून बाद केली, कारण तिच्या साइटवर मालकाचं नाव नव्हतं.

येत्या शुक्रवारी नमाजनंतर घरी आलात की अम्मीचा, खालाचा, धाकट्या बहिणीचा फोन मागून घ्या. वर चावी दिसते का बघा. दिसली तर ती कोणाची आहे, हे त्यांच्यासमोर बसून शोधा. अर्धा तास लागतो. खाला तर तेवढ्या वेळात मला अख्ख्या मालिकेची गोष्ट सांगून मोकळी झाली.